एफवाय मायक्रो: बॅसिलस जांभळा यायला हवा होता, मला गुलाबी दिसला. जर्नलमध्ये काय लिहू?

खाडीकाठ_कळवा

नमस्कार. मी एफवाय बीएस्सीला आहे, कॉलेज ठाण्यात, रोज कळव्याहून जाते. दहावीपर्यंत मराठी मीडियम. मायक्रोबायोलॉजी मी आवडीने घेतलंय, नातेवाइकांना वाटतं नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून घेतलं पण तसं नाहीये. आजीला क्षय झाला होता तेव्हा थुंकीचा रिपोर्ट आणायला मी जायचे आणि एवढ्याशा काचेवर बघून यांना कळतं कसं हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

मेन प्रश्न प्रॅक्टिकलचा आहे. ग्रॅम स्टेनिंग होतं (रंग देऊन बॅक्टेरियाचे दोन गट ओळखायचे, पॉझिटिव्ह जांभळे, निगेटिव्ह गुलाबी), स्लँटवर, म्हणजे ट्यूबमध्ये तिरक्या थिजवलेल्या आगरवर, बॅसिलस या काडीसारख्या बॅक्टेरियाचं कल्चर दिलं होतं. रिझल्ट काय यायला हवा ते आधीच फळ्यावर लिहिलेलं, ग्रॅम पॉझिटिव्ह, जांभळ्या काड्या. मी सगळं दिलेल्या वेळेप्रमाणे केलं, क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, अल्कोहोल, पाणी, शेवटी सॅफ्रॅनिन. ऑइल इमर्शनखाली बघितलं तर काड्या आहेत, एकामागे एक लागलेल्या, पण बहुतेक गुलाबी. मधूनच एखादी जांभळी, काहींचं अर्धं टोक असं आणि अर्धं तसं. आणि अजून एक, बऱ्याच काड्यांच्या मधोमध लंबगोल रिकामी जागा दिसते, तिथे कुठलाच रंग नाही, फाइन फोकस हलवला की तेवढाच भाग चकाकतो. मला वाटलं लेन्सवर काहीतरी आहे, लेन्स पेपरने पुसली, स्लाइड सरकवली, तर रिकामी जागा काडीबरोबरच सरकते.

शेजारच्या मुलीच्या स्लाइडमध्येही बघितलं, तिचा स्मिअर (काचेवर पसरलेला कल्चरचा थर) जाड होता, निळाजांभळा ढीग नुसता, एकही काडी सुटी नाही, पण जांभळं आलं म्हणून तिचं झालं. पूर्ण बॅचने जर्नलमध्ये जांभळ्या काड्यांची आकृती काढलीये. माझं पान अजून कोरं आहे आणि शुक्रवारी सर्टिफाय करायचंय. जे दिसलं ते लिहिलं तर मार्क जातील का? आणि मुळात मला जे दिसलं ते होतं काय?

दुसरं म्हणजे लेक्चर. सर छान शिकवतात पण स्पीड खूप आहे आणि नावांचा नुसता मारा, स्पेलिंग लिहीपर्यंत पुढची स्लाइड येते. मराठी मीडियमवाल्यांनी हे कसं जमवलं ते पण सांगा प्लीज.

एसवाय_ऐरोली

जास्त विचार करू नकोस गं. गेल्या वर्षी आम्ही याच फेजमधून गेलो. एफवायला एक्झामिनरला पाहिजे ते लिही, ग्रॅम पॉझिटिव्ह, जांभळं, रॉड्स, आकृती काढ आणि सर्टिफाय करून घे. एकदा जर्नल अडकलं की सही मिळवायला स्टाफरूमच्या चकरा माराव्या लागतात आणि सेमिस्टरच्या शेवटी कोणाला वेळ नसतो. शिकायचं ते शिकशीलच नंतर, मार्क हातचे घालवू नको. मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.

टीवाय_मायक्रो_ठाणे

वरच्या मित्राचा हेतू चांगला आहे पण मला अजिबात पटलेलं नाही, कारण तुझ्या पोस्टमध्ये एक ओळ आहे ती वाचून मी लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप करायला घेतलं. ती काडीच्या मधली रिकामी जागा, जी काडीबरोबर सरकते आणि फोकस हलवला की चकाकते, ते एंडोस्पोर आहेत! तुला स्पोर दिसलेत. बॅसिलसला खायला कमी पडलं, कल्चर जुनं झालं, की तो आत स्पोर बनवतो, आणि स्पोरचं कवच इतकं घट्ट असतं की साध्या स्टेनिंगमध्ये रंग आत शिरतच नाही, म्हणून तेवढी जागा कोरी राहते. तुमच्या सिलॅबसमध्ये पुढे स्पोर स्टेनिंग येईल बघ, मॅलॅकाइट ग्रीन घालून स्लाइड वाफेवर ५ मिनिटं ठेवायची, म्हणजे उष्णतेने रंग आत ढकलायचा, मग पाण्याने धुवून सॅफ्रॅनिन, स्पोर हिरवे आणि बाकीची काडी गुलाबी.

आता यावरूनच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतंय. स्पोर एवढे भरपूर दिसतायत म्हणजे स्लँट जुना होता. आणि जुन्या कल्चरमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह पेशी गुलाबी दिसायला लागतात, हे पुस्तकातच लिहिलेलं असतं, फक्त खाली बारीक अक्षरात, म्हणून कोणी वाचत नाही. कारण असं आहे. क्रिस्टल व्हायोलेट सगळ्याच पेशींत शिरतो, ग्रॅम पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, पहिल्या मिनिटाला सगळे जांभळे. आयोडीन आत जाऊन त्या रंगाबरोबर मोठा कॉम्प्लेक्स करतो, तो सहजासहजी बाहेर येत नाही. खरी परीक्षा अल्कोहोलची. ग्रॅम पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकॅनची भिंत जाड, २० ते ८० नॅनोमीटर, अल्कोहोलने तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती धुतलेल्या सुती कापडासारखी आटते, छिद्रं बारीक होतात, कॉम्प्लेक्स आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हला बाहेरून लिपिडचं आवरण असतं ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, आतली भिंत फारच पातळ, रंग निघून जातो, मग सॅफ्रॅनिन त्याला गुलाबी करतो. आता बॅसिलस म्हातारा झाला, भिंत ठिकठिकाणी फाटली, तर रंग धरून ठेवणार कशात? म्हणून काही जांभळ्या, काही गुलाबी, काही अर्ध्या. तू लिहिलंस ना अर्धं टोक असं अर्धं तसं, तेच ते.

तरी एकदम त्यावरच ठाम राहू नको, कारण गुलाबी यायला अजून कारणं असतात आणि ती एकेक करून काढून टाकायची असतात. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर ग्रॅम पॉझिटिव्ह पण धुऊन निघतो, म्हणून घड्याळ बघण्यापेक्षा स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडायचं आणि खालून ओघळणारं स्वच्छ व्हायला लागलं रे लागलं की लगेच पाणी. हीट फिक्सिंग करताना स्लाइड ज्योतीवर जास्त तापली तर भिंत तिथेच खराब होते, हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायची, सोसवेल एवढीच गरम पाहिजे. आयोडीनची बाटली जुनी, फिकट पडलेली असेल तरी रंग नीट धरत नाही. आणि उलट बाजूने, स्मिअर जाड असेल तर अल्कोहोल आतपर्यंत पोहोचतच नाही आणि काहीही असलं तरी जांभळंच दिसतं. म्हणजे तुझ्या शेजारणीच्या स्लाइडवर ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलाय असता तरी जांभळाच ढीग दिसला असता!

पुढच्या वेळी एकच कर. एका स्लाइडवर तीन छोटे स्मिअर घे. डावीकडे माहीत असलेला ग्रॅम पॉझिटिव्ह, ताजा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस), उजवीकडे माहीत असलेला ई. कोलाय आणि मध्ये तुझा. तिघांवर एकाच वेळी सगळे रंग. स्टॅफ जांभळा आणि कोलाय गुलाबी आला म्हणजे तुझा हात आणि रीएजंट दोन्ही बरोबर, मग मध्ये जे काय दिसेल ते त्या कल्चरचंच. याला कंट्रोल म्हणतात आणि एफवायला हे कोणी करायला लावत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कंट्रोलशिवाय स्टेनिंग म्हणजे अंदाजच आहे.

आधी त्या ट्यूबवरची तारीख बघ. लॅबच्या मामांना विचार, ते सांगतील स्लँट कधीचा होता.

नाईटशिफ्ट_वाशी

मी वाशीला हॉस्पिटलच्या मायक्रो लॅबमध्ये आहे, बीएस्सी मायक्रो करून मग डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. टीवायवाल्याने सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त हे सांगायला आले की ग्रॅम स्टेन हा फक्त एफवायचा एक्सपेरिमेंट नाहीये, माझ्या प्रत्येक शिफ्टला तो होतो.

आमच्याकडे पेशंटच्या रक्ताच्या कल्चर बाटल्या मशीनमध्ये ठेवतात, आत काही वाढायला लागलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मशीन ते पकडतं आणि वाजतं. समजा रात्री तीनला वाजलं. बाटलीतून थेंब काढायचा, पातळ स्मिअर, ग्रॅम, आणि स्लाइड बघितली की तिथूनच वॉर्डला फोन. जंतू नेमका कुठला आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल हे कळायला कल्चर वाढू द्यावं लागतं, त्यात अजून एक दिवस, कधी दोन जातात, पण पेशंट तेवढं थांबू शकत नाही. घोसात असलेले जांभळे गोल आहेत की गुलाबी काड्या आहेत एवढ्यावर डॉक्टर सुरुवातीचं अँटिबायोटिक ठरवतात, कारण ग्रॅम निगेटिव्हच्या बाहेरच्या आवरणातून साधं पेनिसिलिन फारसं आतच जात नाही. आता सांग, तिथे माझ्या हातून अल्कोहोल जास्त झालं आणि मी जांभळ्याला गुलाबी सांगितलं तर? म्हणून आम्ही रोज कंट्रोल स्लाइड लावतो, रजिस्टरला नोंद करतो. तुला जे दिसलं तेच तू लिहावंस असं मला मनापासून वाटतं, ही सवय आत्ता लागली तर लागली.

बघायची पद्धत पण सांगते. आधी १० एक्सवर स्मिअर शोध, मग जिथे पेशी सुट्या सुट्या पसरल्यात अशी पातळ जागा निवड, आणि तिथेच तेल टाकून १०० एक्स लाव. जाड ठिकाणी कधीच रिपोर्ट द्यायचा नाही. मध्ये ४० एक्स तेलात बुडवू नको, लेन्स खराब होते. तेल कशाला तर काच आणि तेल दोन्हींचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स जवळपास सारखा, १.५२ च्या आसपास, त्यामुळे प्रकाश हवेत वाकून वाया न जाता सरळ लेन्समध्ये येतो. व्हायवाला हमखास विचारतात.

आणि तुझ्या आजीच्या थुंकीची ती स्लाइड ग्रॅमची नसणार. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक ॲसिड, मेणासारखं, ग्रॅमचा रंग त्याला धड लागत नाही. त्याला झील-नील्सन स्टेन करतात, कार्बोल फ्युक्सिन घालून खालून गरम करायचं, मग ॲसिडने धुवायचं. ज्याचा लाल रंग ॲसिडने पण जात नाही तो जंतू लाल राहतो, बाकी सगळं मिथिलिन ब्ल्यूने निळं. निळ्यामध्ये बारीक लाल काडी, कधी किंचित वाकलेली. निगेटिव्ह म्हणायच्या आधी तेलाखाली १०० फील्ड बघावी लागतात, घाई करून चालत नाही. तुझ्या आजीची स्लाइड पण कोणीतरी अशीच बसून बघितली असणार. कोखने हा जंतू शोधल्याचं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जाहीर केलं, म्हणून त्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन असतो.

खाडीकाठ_कळवा

ताई, आजीबद्दलचं वाचून खूप बरं वाटलं, रात्री तिला वाचून दाखवलं. ती आता ठणठणीत आहे.

@टीवाय दादा, मामांना विचारलं. ट्यूबवर तारीख होती, स्लँट आधीच्या बॅचसाठी काढलेला, दोन आठवडे होऊन गेले होते! मामांनी मला नवीन सबकल्चरमधून थोडं दिलं, आदल्या दिवशी केलेलं, आणि तीन स्मिअरवालं पण मॅडमना विचारून केलं, त्यांनी लगेच हो म्हटलं आणि स्वतः येऊन बघितलं. स्टॅफ जांभळा, कोलाय गुलाबी, आणि मधला बॅसिलस गडद जांभळा, रिकाम्या जागा जवळजवळ नाहीतच. जुन्या स्लँटमधून परत एक स्मिअर घेतला, तो पुन्हा तसाच गुलाबी, जांभळा, अर्धा. आता दोन्ही आकृत्या काढू का? आणि जर्नलमध्ये 'रिझल्ट'च्या खाली एकच ओळ असते तिथे काय लिहू?

क्यूसी_रबाळे

दोन्ही काढ. प्रत्येक आकृतीखाली कल्चर किती जुनं ते लिही, मॅग्निफिकेशन लिही, कंट्रोलचा रिझल्ट लिही. रिझल्टच्या ओळीत ग्रॅम पॉझिटिव्ह लिही, कारण २४ तासांच्या कल्चरवर ते सिद्ध झालंय, आणि खाली ऑब्झर्व्हेशन म्हणून जुन्या कल्चरमध्ये ग्रॅम व्हेरिएबल (काही जांभळ्या, काही गुलाबी) आणि न रंगलेले स्पोर. कोणता एक्झामिनर याचे मार्क कापेल? आणि हाताने लिहिताना जीनस आणि स्पीशीज दोन्हीखाली वेगवेगळी रेघ मार, एकच लांब रेघ नको, जीनसचं पहिलं अक्षर कॅपिटल, यात फुकट मार्क जातात मुलांचे.

मी फार्मामध्ये मायक्रो क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे आणि एसवायवाल्या मित्राला मला कळकळीने सांगायचंय की आमच्याकडे न बघितलेला रिझल्ट लिहिणं याच्याइतका मोठा गुन्हा दुसरा नाही. प्लेटवर कॉलनी आली तर आली, शून्य तर शून्य. चुकून काही लिहिलं तर व्हाइटनर चालत नाही, खोडणं चालत नाही, एक आडवी रेघ मारायची जेणेकरून खालचं वाचता येईल, बाजूला सही आणि तारीख. ऑडिटला माणसं येतात तेव्हा पहिल्यांदा आमच्या नोंदी उघडतात. नवीन लागलेल्या मुलांना ही सवय लावायला आम्हाला महिने जातात, कारण कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावरचा रिझल्ट उतरवलेला असतो.

स्पोरवरून अजून एक. तुम्ही ऑटोक्लेव्हचा (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचा) आकडा पाठ करता, १२१ डिग्री, १५ पाउंड प्रेशर, १५ मिनिटं. तो आकडा स्पोरमुळे आहे. साधे बॅक्टेरिया उकळत्या पाण्यात मरतात, स्पोर १०० डिग्रीला तग धरतात, म्हणून प्रेशरखाली वाफ वर न्यावी लागते. घरच्या कुकरचं तत्त्व तेच. आम्ही ऑटोक्लेव्ह नीट चाललाय का हे बघायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जंतूचे स्पोर आत ठेवतो, बाहेर काढून ५५ ते ६० डिग्रीला इन्क्युबेट करतो, काही उगवलं तर तो पूर्ण लॉट बाद. तुला स्लाइडवर जी रिकामी जागा दिसली ना, तिच्यासाठी कंपन्या केवढा खर्च करतात बघ.

एसवाय_ऐरोली

ठीक आहे, पटलं. पण सगळ्या कॉलेजांत अशा मॅडम नसतात हे पण लक्षात घ्या, आमच्याकडे एका बॅचला दोनच ऑइल इमर्शनवाले मायक्रोस्कोप चालू आहेत आणि मागे लाइन असते, तिथे पुन्हा स्मिअर घ्यायला कोण देणार. तरी ट्यूबवरची तारीख बघायचं मी पुढच्या प्रॅक्टिकलपासून करणार. 

आणि खाडीकाठ, तुला नावांचं विचारायचं होतं ना, त्याचं कोणीच सांगितलं नाही. मी पण मराठी मीडियमचाच. मी लेक्चरच्या आधी रात्री त्या टॉपिकची फक्त नावं वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो, बाकी काही वाचत नाही, मग लेक्चरमध्ये स्पेलिंगच्या मागे धावावं लागत नाही आणि सर काय बोलतायत ते ऐकू येतं. एवढ्याने खूप फरक पडला मला.

निवृत्त_शिक्षिका_नौपाडा

मुलांनो, धागा वाचून फार आनंद झाला. मी हा विषय पुष्कळ वर्षं शिकवला.

श्रेयस्कर मार्ग वरच्या मुलाने सांगितलाच आहे, मी त्यात भर घालते. नाव एकटं पाठ करायला जाऊ नये, ते तुला आधीच माहीत असलेल्या आजाराला बांधावं. लहानपणी तुला त्रिगुणी लस दिली असेल. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. तिन्ही बॅक्टेरियाचेच आजार. घटसर्पाचा कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी, ग्रॅम पॉझिटिव्ह काडी. डांग्या खोकल्याचा बॉर्डेटेला पर्ट्युसिस, ग्रॅम निगेटिव्ह, अगदी आखूड काडी. धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटनी, ग्रॅम पॉझिटिव्ह, हवा न सोसणारा, आणि त्याचा स्पोर काडीच्या अगदी टोकाला असतो त्यामुळे तो ढोल वाजवायच्या टिपरीच्या आकाराचा दिसतो. तुझ्या बॅसिलसचा स्पोर मधोमध आणि याचा टोकाला, हा फरक आता तू आयुष्यात विसरणार नाहीस. एका लशीत तीन नावं, तीन ग्रॅम रिझल्ट आणि स्पोरची जागा एवढं झालं.

ग्रॅमबद्दल थोडं. हान्स क्रिश्चन ग्रॅम डेन्मार्कचा, १८८४ साली बर्लिनमध्ये होता. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात जंतू उठून दिसावेत म्हणून तो रंग शोधत होता, जंतूंची विभागणी करणं हे त्याच्या मनातही नव्हतं. काही जंतू रंग धरत नाहीत हे त्याला दिसलं आणि त्याने ते तसंच छापलं, आपली पद्धत अपुरी आहे असंही लिहिलं. सॅफ्रॅनिनची शेवटची पायरी त्याची नाहीच, ती नंतर आली. ते 'रंग धरत नाहीत' म्हणून बाजूला राहिलेले जंतू म्हणजेच आजचे ग्रॅम निगेटिव्ह.

आणि बर्नरजवळ काम करताना तुम्ही जे नियम कंटाळून पाळता त्याबद्दल सांगायचं राहून जायला नको. कापसाचं बूच टेबलावर ठेवायचं नाही, करंगळीत धरायचं, ट्यूबचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, लूप लाल होईपर्यंत तापवून गार करून मगच कल्चरला लावायची, प्लेटचं झाकण उघडं टाकायचं नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन या शास्त्रज्ञाने इथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. ते सगळे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले. सुरुवातीला ठपका हाफकिनवर आणि त्याच्या प्रयोगशाळेवर आला, त्याला पद सोडावं लागलं. नंतर चौकशीतल्या साक्षी पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा कळलं की बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे स्पोर असतात. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला, पण ती १९ माणसं परत आली नाहीत. मी दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला बर्नर पेटवायच्या आधी हे सांगायची, आणि पावसाळ्यात पंखे बंद करायला लावते म्हणून कुरकुरणारी मुलं त्या दिवशी स्वतः उठून पंखे बंद करायची. ठाण्यातल्या जुलैच्या हवेत पंखा चालू ठेवून प्लेट ओतली तर त्यावर बुरशीच येणार.

कळव्याहून येतेस म्हणून एक सुचवते. खाडीच्या पुलावरून गाडी जाताना सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुळातच भरपूर, चिखलात ऑक्सिजन नाही, तिथले बॅक्टेरिया श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि हा वायू सोडतात. तो लोहाबरोबर मिळून चिखल काळा होतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विनोग्राड्स्की कॉलम कर. पारदर्शक बाटली, त्यात खाडीचा चिखल, त्यात कात्रण केलेला वर्तमानपत्राचा कागद आणि अंड्याच्या टरफलाची पूड मिसळायची, वर खाडीचंच पाणी, थोडी हवा सोडून तोंड सैल झाकायचं आणि उजेडाच्या खिडकीत ठेवायची, कडक उन्हात नाही. मग हलवायची नाही. दोनेक महिन्यांत थर पडतात, तळाला काळा, त्यावर हिरवे गंधक बॅक्टेरिया, त्यावर जांभळट, सगळ्यात वर सायनोबॅक्टेरिया. फ्लेमिंगो खाडीत येतात ते बऱ्याच अंशी याच वरच्या थरातल्या मंडळींना खायला. 

खाडीकाठ_कळवा

मॅडम, हे मी करणारच. टिपरीचा आकार आणि त्रिगुणी लस वहीत लिहून घेतलं. जर्नल झालं सर्टिफाय, दोन्ही आकृत्यांसकट. मॅडमनी मार्कांचं काही सांगितलं नाही पण पुढच्या बॅचला ताजा स्लँट दिला असं मामा म्हणाले.

चिखल विटाव्याच्या बाजूने ओहोटीला मिळेल, भाऊ आणून देतो म्हणाला. घरी ठेवली तर चालेल का? आई वासाला घाबरतेय.

निवृत्त_शिक्षिका_नौपाडा

घरी नको. तुझ्या मॅडमना सांगून लॅबच्या खिडकीत ठेव, बॅचमधल्या सगळ्यांना बघता येईल आणि दर आठवड्याला एक फोटो काढता येईल. खाडीत सांडपाणीही येतं, म्हणून चिखल हाताळताना ग्लोव्हज घाला, हात साबणाने धुवा, आणि त्यातलं काही घेऊन प्लेटवर वाढवायचं झालं तर ते लॅबमध्ये शिक्षकांसमोरच. काम संपलं की बाटली ऑटोक्लेव्ह करूनच टाकायची, मामांना सांगून ठेव. ऐरोली पूल ते वाशी पूल हा भाग फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, तिथून काही उचलायचं नाही, आणि कांदळवनात शिरायचंही नाही, कडेचा मूठ दोन मूठ चिखल पुरतो. भावाला चपला घालून पाठवू नकोस, बूट घालायला सांग, तिथे चिखलात काचा असतात.